सात, अकरा, ऐंशी आणि नऊ

माझ्याकडं एक जुनी दोनशे पानी वही आहे. पुढच्या बाजूनं रेसिपी आहेत, आणि वही उलटी करून मागून उघडली की फुटबॉल. पुढं आईनं फोनवरून सांगितलेला कांदा-लसूण मसाला, वाटीचं माप इथल्या कपात बसवून लिहिलेला, आणि मागं निळ्या पेननं चार ओळी, जर्सीचे नंबर नि नावं. ७ गिन, ११ गोन्झालेझ, ८० रॉबिस्की, ९ हार्टलाइन. वर तारीख नाही पण मला पक्की माहितेय, २००६ चा ऑगस्ट. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या टीमचे त्या वर्षीचे रिसीव्हर, म्हणजे लांबून फेकलेला बॉल पळत जाऊन झेलणारे. तेव्हापासून दर ऑगस्टला मी ही यादी लिहिते, आणि यादीत पहिली दोन नावं कोण यापेक्षा चौथं नि पाचवं कोण याकडंच माझं लक्ष जास्त असतं. हे असं का, ते सांगायचंय.

मी कोल्हापूरची. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पाटाकडील आणि दिलबहार, पेठापेठांतली ईर्षा, आणि मॅच हरली की मामा दोन दिवस जेवताना बोलायचा नाही. त्यामुळं २००५ च्या ऑगस्टमध्ये लग्न होऊन अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला आले आणि नवरा म्हणाला इथं फुटबॉलचं जाम वेड आहे, तर मला आनंदच झाला. मग टीव्ही लावला तर हे अमेरिकन फुटबॉलचे हेल्मेटवाले. आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, अगं मग पाय कुठं लावतात? मी म्हटलं फारसा नाही लावत आई, हातातच धरतात.

नवऱ्याची पीएचडी चालू होती, माझा व्हिसा डिपेंडंटचा. नोकरी करता येत नव्हती, डिग्रीला ॲडमिशन घेता येत नव्हती. लेन ॲव्हेन्यूच्या मागं आमचं एका बेडरूमचं अपार्टमेंट, स्टेडियम चालत पंधरा मिनिटांवर, एक लाखाच्या वर माणसं बसणारं ते घोड्याच्या नालेसारखं स्टेडियम, आणि शनिवारी सकाळी सातपासून खिडकीखालून लाल शर्टांची नदी वाहायला लागायची. नवरा लॅबमध्ये. मग मी एकटीच मॅच बघायला लागले. १० सप्टेंबर २००५, टेक्सासविरुद्ध रात्रीची मॅच, २५-२२ हरलो, आणि त्यानंतर रस्त्यावर जी शांतता पसरली ना, तशी शांतता मी कोल्हापुरातच ऐकली होती. तिथंच मी ह्या टीमची झाले.

आता रिसीव्हरच का. कारण साधं आहे, मला दुसरं कुणी दिसायचंच नाही. नवख्या डोळ्यांना मधला सगळा प्रकार म्हणजे ढीग. बावीसमधले पंधरा-सोळा एकमेकांवर आदळतात, बॉल कुठाय कळत नाही, शिट्टी वाजते, परत उभे राहतात. पण कडेला, पार लाइनीजवळ, एक पोरगा एकटा उभा असतो. हात सैल सोडलेले, एक पाय पुढं. समोर त्याला अडवणारा एक. बस्स, दोघंच. तो पळाला की दिसतं, त्यानं हूल दिली की दिसतं, बॉल हवेत असताना त्यानं मान कधी वळवली तेही दिसतं. खेळ मला त्या कडेनं कळत गेला, आतला ढीग नंतर सुटला. लायब्ररीतून पुस्तकं आणली, जुने पेपर वाचले, आणि वही सुरू झाली.

२००६ चा सीझन ज्यांनी इथं राहून बघितला त्यांना सांगायला नको. पहिल्या दिवसापासून नंबर एक, बारापैकी बारा जिंकल्या. १८ नोव्हेंबरला मिशिगनची मॅच, एक नंबर विरुद्ध दोन नंबर, आणि आदल्याच दिवशी मिशिगनचे जुने कोच बो शेंबेकलर वारले होते, त्यामुळं सगळ्या गावावर काहीतरी विचित्र जड होतं. ४२-३९ जिंकलो. टेड गिनचे त्या वर्षीचे ५९ कॅच, अँथनी गोन्झालेझचे ५१. गिन म्हणजे वारा, त्याच्यामागं कुणी धावलं तर मला त्या धावणाऱ्याचीच दया यायची. गोन्झालेझ अगदी वेगळा, नेमका, पाचव्या पावलाला वळायचं तर पाचव्याच पावलाला वळणार. आधीच्या वर्षी ॲन आर्बरमध्ये शेवटच्या मिनिटात त्यानं उडी मारून जो कॅच घेतला होता तो मी अजून यूट्यूबवर बघते. (पुढं तो खासदार झाला.) मला वाटायचं असे दोघं असताना काय कमी आहे.

८ जानेवारी २००७, ॲरिझोनात फ्लोरिडाविरुद्ध चॅम्पियनशिप. आमच्या घरी सात-आठ जण जमलेले, मी मोठ्या कुकरमध्ये पावभाजीची भाजी केलेली, पाव तव्यावर. पहिलीच किकऑफ, गिननं बॉल घेतला आणि ९३ यार्ड पळत सरळ एंड झोनमध्ये, म्हणजे समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात. टचडाउन. सोळा सेकंद. मी कालथा हातात घेऊनच बाहेर पळत आले. टीव्हीवर सगळी टीम एंड झोनमध्ये त्याच्या अंगावर पडली, त्या आनंदाच्या ढिगात त्याचा पाय मुरगळला आणि तो संपला. मॅच संपली त्याच्यासाठी. फिल्डच्या कडेला तो पाय धरून बसलाय, हे दृश्य कॅमेऱ्यानं परत परत दाखवलं. त्यानंतर ओहायो स्टेटनं अख्ख्या मॅचमध्ये मिळून ८२ यार्ड काढले. ट्रॉय स्मिथ, आमचा क्वार्टरबॅक म्हणजे बॉल फेकणारा, ज्याला महिन्याभरापूर्वी देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइजमन मिळाला होता, त्यानं चौदापैकी चार पास पूर्ण केले, ३५ यार्ड. ४१-१४ हरलो. भाजी तशीच राहिली, पोरं गपचूप बूट घालून निघून गेली.

आता कुणी म्हणेल की फ्लोरिडाच्या डिफेन्सनं क्वार्टरबॅकला राखणारी आपली पुढची लाइनच मोडली, त्याला उभंच राहू दिलं नाही, गिन असता तरी काय केलं असतं. खरंय ते. पण मी त्या रात्री फक्त कडा बघत होते, आणि कडेला मला दिसलं ते हे की गिन गेल्यावर फ्लोरिडाचे मागचे दोघं सावकाश पुढं सरकले. त्यांना आता पाठीमागून कुणी निसटेल याची भीती नव्हती. एका माणसाच्या पायाबरोबर आमचं अख्खं मैदान आखडलं. रॉबिस्की होता, हार्टलाइन होता, चांगली पोरं, पण तेव्हा शिकणारी. दुसऱ्या दिवशी मी वहीत त्या चार नावांखाली एक आडवी रेघ मारली आणि लिहिलं, "एक गेला तर?" तोच प्रश्न मी नंतर प्रत्येक वर्षाला विचारत आलेय.

डेप्थ हा शब्द इथं सगळे वापरतात, डेप्थ चार्ट म्हणजे कोण पहिला कोण दुसरा त्याची यादी, आणि बोलताना लोक डेप्थ म्हणजे मोठमोठी नावं किती तेवढंच मोजतात. मला ते पटत नाही. विहिरीला पाणी किती ते पावसाळ्यात कळत नाही. डेप्थ कळते ज्या दिवशी पहिला नसतो त्या दिवशी.

आणि जुन्या काळाशी तुलना करायची तर आधी हे लक्षात घ्यायला हवं की पूर्वी रिसीव्हर लागायचेच कमी. वुडी हेज १९५१ पासून १९७८ पर्यंत इथं कोच होते, आणि त्यांचा खेळ म्हणजे बॉल पोटाशी धरायचा आणि धुळीत तीन-तीन यार्ड पुढं ढकलायचं. पॉल वॉरफिल्डसारखा माणूस, जो पुढं एनएफएलमध्ये, म्हणजे इथल्या प्रोफेशनल लीगमध्ये, रिसीव्हर म्हणून हॉल ऑफ फेमला गेला, तो इथं साठच्या दशकात हाफबॅक, म्हणजे बॉल धरून पळणारा होता. विचार करा, एवढी देणगी घरात, आणि घराला तिचा उपयोगच नाही. त्यानंतरही कितीतरी वर्षं मैदानात दोन रिसीव्हर, एक टाइट एंड, दोन बॅक अशीच मांडणी. आता तीन रिसीव्हर कायम उतरतात, कधी चार. मॅचेसही वाढल्या, १९६८ ला दहा मॅचचा चॅम्पियन होता, २०२४ चा चॅम्पियन सोळा मॅच खेळला. शिवाय २००२ च्या आधी बोल मॅचचे, म्हणजे सीझन संपल्यावरच्या मोठ्या मॅचचे, आकडे एनसीएए ह्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या सीझनच्या हिशेबात धरलेच जायचे नाहीत. म्हणून नुसते आकडे समोरासमोर ठेवून आजचे मोठे नि कालचे छोटे म्हणणं हा कालच्या पोरांवर अन्याय आहे.

तरी माझा तो एक प्रश्न सगळ्या काळांना विचारता येतो. लायब्ररीतल्या त्या दिवसांत मी क्रिस कार्टरबद्दल वाचलं. मिडलटाउनचा पोरगा, १९८५ च्या रोझ बोलमध्ये फ्रेशमन, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना ९ कॅच १७२ यार्ड. १९८६ ला ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तमांत निवड. आणि १९८७ ला, शेवटच्या वर्षी, एजंटकडून पैसे घेतल्याचं उघड झालं म्हणून त्याला खेळूच दिलं नाही. टीम ६-४-१ वर आली, सहा जिंकल्या, चार हरल्या, एक बरोबरीत, आणि मिशिगनच्या आठवड्यात कोच अर्ल ब्रूसना काढलं. कारणं आणखीही होती, पण एक गेला तर काय, ह्याचं उत्तर त्या वर्षी अगदी क्रूर मिळालं.

टेरी ग्लेनची गोष्ट याच्या बरोबर उलटी, आणि मला ती फार जवळची. कोलंबसचाच मुलगा, स्कॉलरशिप नाही, स्वतःहून येऊन टीममध्ये उभा राहिलेला. १९९४ ला त्याच्या पुढं जोई गॅलोवे आणि क्रिस सँडर्स, दोघंही एनएफएलला जाणारे. हा मागं. ते गेले आणि १९९५ ला ह्यानं ६४ कॅचमध्ये १४११ यार्ड काढले, १७ टचडाउन, म्हणजे एका कॅचला बावीस यार्ड. देशातल्या सर्वोत्तम रिसीव्हरचं बिलेटनिकॉफ अवॉर्ड घेतलं. त्या मुलाला १९९४ च्या यादीत किती जणांनी नीट बघितलं असेल? मी तेव्हा असते तर बघितलं असतं का, हा विचार मला सारखा येतो, कारण डेप्थ म्हणजे शेवटी अशी माणसंच ना, ज्यांची पाळी अजून आलेली नाही.

आपल्याकडं हे कुणालाही समजवायला लागत नाही. १९८८ ला आझाद मैदानावर सचिन आणि विनोद ६६४ ची भागीदारी करत होते तेव्हा पुढचा बॅट्समन अमोल मुजुमदार पॅड बांधून बसला होता. बसूनच राहिला. सगळ्या मराठी घरांत ही गोष्ट सचिन-विनोदची म्हणून सांगतात, मला ती कायम त्या पॅड बांधलेल्या पोराची वाटत आलीय.

मधली काही वर्षं भराभर सांगते. २०११ हे वर्ष म्हणजे दुष्काळ. कोच गेलेले, सस्पेन्शनं, आणि अख्ख्या सीझनमध्ये टीममधल्या सगळ्यात जास्त कॅच घेणाऱ्याचे कॅच किती, तर १४. इलिनॉयविरुद्ध अख्ख्या मॅचमध्ये एक पास पूर्ण झाला, एक, आणि आम्ही १७-७ जिंकलो. माझी मुलगी त्या वर्षी जन्मली, रात्री-अपरात्री तिला मांडीवर घेऊन मी ती हायलाइट्स बघितलीत, ज्यात रिसीव्हर जवळजवळ नव्हतेच. तीन वर्षांनी २०१४ ला हीच टीम चॅम्पियन झाली. डेव्हिन स्मिथ लांबचे बॉल घ्यायचा, मायकल थॉमस, ज्याला आदल्या वर्षी अख्खा सीझन रेडशर्ट म्हणून बसवला होता, तो आता कुणाला आवरत नव्हता. पण माझा माणूस इव्हान स्पेन्सर. कॅच फारसे नाहीत. अलाबामाविरुद्ध शुगर बोलमध्ये झिक एलियट ८५ यार्ड पळाला, सगळ्यांना तो पळताना दिसतो, मी मात्र ती क्लिप सुरुवातीलाच थांबवते, कारण तिथं कडेवरून स्पेन्सर आत घुसून रस्ता उघडतोय. त्याच मॅचमध्ये हाफटाइमच्या तोंडावर त्यानंच थॉमसला टचडाउनचा पास फेकला. रिसीव्हरनं रिसीव्हरला!

आणि मग २०१८. लोक मला विचारतात, म्हणजे मंडळाच्या गणपतीत सुद्धा विचारतात, आरती झाली की पुरुष मंडळी प्रसादाची डिश घेऊन येतात, सांगा हो वहिनी, सगळ्यात भारी रिसीव्हर कुठल्या वर्षी, आणि त्यांना २०२१ ऐकायचं असतं. मी सांगते, भारी २०२१, खोल २०१८. त्या वर्षी सहा जण आलटून पालटून खेळायचे. पॅरिस कॅम्पबेल, टेरी मक्लॉरिन, के.जे. हिल, जॉनी डिक्सन, ऑस्टिन मॅक, बेन व्हिक्टर. दोन खेळ झाले की जोडी बाहेर, दुसरी आत, कुणाचंही तोंड वाकडं नाही. कॅम्पबेलचे ९० कॅच, पण मक्लॉरिनचे फक्त ३५ आणि त्यातले ११ टचडाउन. मक्लॉरिन टीमचा कॅप्टन होता आणि पंट झाला, म्हणजे पायानं बॉल लांब मारून समोरच्यांना दिला, की सगळ्यात आधी पळत जाऊन समोरच्याला पाडायचं हमालीचं काम स्वतः करायचा. एनएफएलनं ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजची पोरं एकेक करून निवडतात त्यात, त्याला तिसऱ्या राउंडपर्यंत, ७६ व्या नंबरपर्यंत थांबवलं. कुणी म्हणालं तेव्हा की हा त्या सगळ्यांत मोठा होईल? आणि झाला.

त्या सीझनमध्ये मॅकला दुखापत झाली. सहातला एक गेला. २४ नोव्हेंबरला मिशिगन इथं आलं, त्यांचा डिफेन्स देशात सगळ्यात भारी म्हणत होते, आणि आम्हाला त्या दिवशी तिकिटं मिळाली होती, वरच्या डेकला, वारा असा की मफलरच्या आतून कान दुखत होते. सतरा नंबर मैदानात उतरला. मी वही नेत नाही स्टेडियमला, पण यादी पाठ असते, आणि सतरा म्हणजे क्रिस ओलावे, कॅलिफोर्नियाचा फ्रेशमन, शाळेतून येताना पाचपैकी तीनच स्टार मिळालेला, माझ्या यादीत अगदी खाली. मी नवऱ्याला कोपरानं ढोसून म्हटलं, हा बघ, हा पोरगा बघ, पळताना खांदे अजिबात हलत नाहीत त्याचे. खरंच हलत नव्हते. ताटातलं पाणी सांडू नये म्हणून चालावं तसा तो पळतो, आणि तरी कुणी त्याच्याजवळ नाही. टचडाउन. मग दुसरा टचडाउन. आणि मग तिसऱ्या क्वार्टरला त्यानं पंट ब्लॉक केला, बॉल हवेत गेला, दुसऱ्यानं झेलला आणि तोही टचडाउन. ६२-३९. माझ्या शेजारी एक साठीच्या बाई बसल्या होत्या, अनोळखी, त्यांनी मला मिठी मारली आणि आम्ही दोघी रडत होतो. त्या मिशिगन हरलं म्हणून रडत असतील, मी रडत होते कारण अकरा वर्षांपूर्वी लिहिलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या डोळ्यांदेखत आलं होतं.

आता माझ्या त्या चार नावांतल्या शेवटच्या नावाकडं येते. ९, ब्रायन हार्टलाइन. फ्लोरिडाच्या त्या रात्री जो शिकत होता, तो एनएफएल खेळून परत आला, आणि २०१८ च्या सीझनच्या तोंडावर त्यालाच अचानक रिसीव्हरचा कोच केलं. ओलावेला मिशिगनसमोर उतरवताना रिसीव्हरच्या खोलीचा (टीममधल्या सगळ्या रिसीव्हरना मिळून इथं 'रूम' म्हणतात) मास्तर तो होता. त्या रात्रीचं त्याच्या मनात काय राहिलं असेल ते त्यालाच ठाऊक, पण मी माझ्या वहीत नऊच्या पुढं एक बाण काढून ठेवलाय, तो बाण सरळ पुढच्या पानांवर जातो.

कारण पुढची पानं विश्वास बसणार नाही अशी आहेत. २०२१ च्या यादीत ओलावे, गॅरेट विल्सन, जॅक्सन स्मिथ-न्जिग्बा, आणि खाली फ्रेशमन म्हणून मार्व्हिन हॅरिसन ज्युनियर नि एमेका इग्बुका. पाच जण, आणि पाचही पुढं एनएफएलच्या पहिल्या राउंडमध्ये गेले. एका खोलीत पाच. कार्टरच्या काळात, ग्लेनच्या काळात हे कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. आणि १ जानेवारी २०२२, युटाविरुद्ध रोझ बोल. ओलावे आणि विल्सन ड्राफ्टच्या तयारीसाठी खेळणार नाहीत असं जाहीर झालं. म्हणजे पहिले दोन गायब, एकदम. २००७ ला एकाचा पाय गेला तर ८२ यार्ड. इथं दोघं घरी, आणि स्मिथ-न्जिग्बानं १५ कॅच, ३४७ यार्ड, तीन टचडाउन काढले, बोल मॅचच्या इतिहासात असं कुणी केलं नव्हतं. दुसऱ्या कडेला पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळणाऱ्या हॅरिसननं आणखी तीन टचडाउन घेतले. ४८-४५ जिंकलो. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची, तिला मी वहीतली ती जुनी ओळ दाखवली, "एक गेला तर?", आणि तिनं खाली पेन्सिलनं लिहिलं, "दोन गेले तरी." ती दोन वाक्यं अजून तशीच आहेत, एकाखाली एक.

पण हे सगळं लिहून मी थांबले तर खोटं होईल. त्याच २०२१ च्या वसंतात त्याच खोलीतून एक जण उठून गेला होता, जेमसन विल्यम्स. ओलावेनं आणखी एक वर्ष थांबायचं ठरवलं, विल्सन बाहेरच्या कडेला सरकणार, आत स्मिथ-न्जिग्बा, म्हणजे विल्यम्सला बसावं लागणार होतं. तो अलाबामाला गेला, आणि तिथं १५७२ यार्ड, १५ टचडाउन. पुढच्या ड्राफ्टमध्ये दहावा विल्सन, अकरावा ओलावे, बारावा विल्यम्स. एकामागोमाग एक तीन पोरं, तिघंही एका खोलीत वाढलेली.

ग्लेनच्या वेळी हे इतकं सोपं नव्हतं. दुसऱ्या कॉलेजला जायचं तर एक वर्ष बाहेर बसावं लागायचं, मग माणूस म्हणायचा इथंच बसू. २०१८ ला ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलायचंय असं नाव नोंदवायची यादी आली, २०२१ ला तो वर्षभर बसायचा नियम पहिल्या बदलापुरता गेला, त्याच जुलैपासून पोरांना स्वतःच्या नावाचे, जाहिरातींचे वगैरे, पैसे मिळायला लागले. जुनी डेप्थ काही अंशी नियमानं बांधून ठेवलेली डेप्थ होती, हे मी मान्य करते. मागच्या पोराला जाता येत नव्हतं म्हणून तो मागं होता, आणि आम्ही प्रेक्षक त्याला निष्ठा म्हणायचो. विल्यम्स गेला त्याचं मला वाईट वाटलं, राग मात्र आला नाही. माझ्या पासपोर्टवर पाच वर्षं एक शिक्का होता ज्यामुळं मी घरात बसले. बसवून ठेवलेल्या माणसाला दार उघडं दिसलं तर तो जाणार. मीही ज्या दिवशी वर्क परमिट हातात आलं त्या दिवशी दुपारीच अर्ज भरायला बसले होते.

म्हणूनच आता जो थांबतो त्याच्याकडं मी दुप्पट बघते. २०२२ च्या पहिल्या मॅचला स्मिथ-न्जिग्बाचा पाय दुखावला, अख्ख्या सीझनमध्ये त्याचे पाच कॅच. नोत्र दामविरुद्धच्या त्या मॅचमध्ये आमच्या ऑफेन्सला काही सुचत नव्हतं, आणि तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी ज्यानं टचडाउन घेऊन आम्हाला पुढं नेलं तो झेव्हियर जॉन्सन, ग्लेनसारखाच स्कॉलरशिपशिवाय आलेला, इतकी वर्षं कधी रनिंग बॅक कधी रिसीव्हर कधी नुसता किकऑफला पळणारा. तोच पोरगा ३१ डिसेंबरला जॉर्जियाविरुद्ध पीच बोलमध्ये परत टचडाउन घेऊन गेला. त्या रात्री तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी हॅरिसन एंड झोनमध्ये जोरात आपटला आणि बाहेर गेला. स्मिथ-न्जिग्बा आधीच नाही. ३८-२४ पुढं होतो, ४२-४१ हरलो, शेवटची फील्ड गोल हुकली तेव्हा घड्याळात बारा वाजत होते आणि बाहेर कुणीतरी फटाके लावत होतं. इतकी खोल विहीर, तरी त्या शेवटच्या पंधरा मिनिटांत पोहरा तळाला लागल्याचा आवाज मला ऐकू आला. आणि वर्षभरानं कॉटन बोलला, मिसुरीविरुद्ध, क्वार्टरबॅकच जायबंदी झाल्यावर कडेला कोण उभं आहे याला काही अर्थच उरला नाही, १४-३. रिसीव्हर कितीही असोत, बॉल कुणीतरी फेकावा लागतो.

२०२४ ची चॅम्पियनशिप आली तेव्हा सगळं गाव जेरेमाया स्मिथचं नाव घेत होतं, आणि का नाही घेणार, फ्रेशमन पोरगा, ७६ कॅच, १३१५ यार्ड, १५ टचडाउन, कार्टरचे फ्रेशमनचे रेकॉर्ड चाळीस वर्षांनी मोडले. २० जानेवारी २०२५ ला नोत्र दामविरुद्ध थर्ड अँड इलेव्हनला, म्हणजे तिसरा प्रयत्न नि अकरा यार्ड हवे असताना, तो ५६ यार्डांचा बॉल त्याच्या हातात पडला तेव्हा मी सोफ्यावर उभी होते. पण मला त्या यादीत सुखावणारं नाव इग्बुकाचं. २०२१ ला पाचवा होता, तो चार वर्षं राहिला, आणि जाताना २०५ कॅच, ओहायो स्टेटच्या इतिहासात सर्वांत जास्त. माझ्या वहीत त्याचं नाव चार वेगवेगळ्या पानांवर आहे, दर वर्षी एकेक ओळ वर सरकत गेलेलं. हल्ली एक नाव चार पानांवर सहसा नसतं. हल्ली मी यादी पेन्सिलनं लिहिते, सीझन संपला की पोरं कॉलेज बदलतात नि खोडायला लागते म्हणून.

माझं मत विचाराल तर आजची खोली सगळ्या जुन्या काळापेक्षा श्रीमंत आहे, यात वादच नाही, पण खाली खाली ती पातळ होत चाललीय. पहिले तीन असे की कुठल्याही दशकातल्या पहिल्या तिघांना मागं टाकतील. चौथा चांगला. सहावा मात्र, २०१८ चा तो सहावा, जो कुठंही पहिला असू शकला असता आणि तरी इथं सहावा होता, तसा सहावा आता फार दिवस सहावा राहत नाही.

या एप्रिलला स्प्रिंग गेमला गेले होते मुलीबरोबर. आपसातलीच मॅच ती, तिकीट स्वस्त, पाऊस भुरभुरत होता, अर्धं स्टेडियम रिकामं. मोठी नावं थोडं खेळून हूडी घालून कडेला उभी राहिली. दुसऱ्या हाफला असे लोक उतरले ज्यांचे नंबर यादीत बघावे लागतात, आणि कॉलेजला एकच नंबर दोघांना असू शकतो, त्यामुळं तेही धड कळत नाही. एक जण होता, डाव्या पायातला मोजा खाली घसरलेला, त्यानं कडेच्या लाइनीवर एक कॅच घेतला, पंजे आत, अंग सगळं बाहेर, ओला बॉल, आणि पडल्यापडल्या त्यानं आधी पंचाकडं बघितलं, मग बॉलकडं. मुलगी म्हणाली, आई, कोण गं हा? आम्ही दोघींनी मोबाइलवर शोधलं, त्या नंबराला दोन नावं होती. घरी येऊन मी वही उलटी उघडली, पाचव्या ओळीवर फक्त नंबर लिहिला, पुढं जागा सोडली, आणि कंसात लिहिलं, डावा मोजा.